रेकॉर्ड प्लेअरची सुई : तपासणी आणि निगा

तबकडीच्या चरातून फिरून त्यात कोरलेला आवाज कार्ट्रिजपर्यंत पोहोचवणारे सूक्ष्म टोक. यालाच स्टायलस किंवा बोलीत पिन म्हणतात. हे टोक कँटिलिव्हर नावाच्या बारीक दांडीला जडवलेले असते. दांडी लवचिक आधारावर हलते आणि कार्ट्रिज त्या हालचालीचे विद्युत्-संकेतात रूपांतर करते. सुई नवी घेता येते, पण झिजलेल्या सुईने खरवडलेला चर पूर्ववत होत नाही. म्हणून सुईची निगा ही खरे तर तबकडीची निगा आहे.

प्रकार : चावीच्या ग्रामोफोनला पोलादी सुई लागे. लाखेच्या तबकडीतील खरखरीत भुकटी ती लगेच झिजवी, त्यामुळे प्रत्येक बाजूला नवी सुई लावण्याची शिस्त होती. १९४८ साली एलपी ही दीर्घकाळ वाजणारी तबकडी आली आणि बारीक चरांसाठी नीलम व हिऱ्याची टोके रूढ झाली. हिरा नीलमापेक्षा कितीतरी पट टिकतो. लाखेच्या, मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या तबकडीसाठी टोकाची त्रिज्या सुमारे ६५ ते ७५ मायक्रॉन असते, तर एलपीच्या गोल टोकाची १५ ते १८ मायक्रॉन. गायक-नट बालगंधर्वांच्या ७८च्या तबकडीवर एलपीची सुई लावली तर ती चराच्या तळाशी घासते आणि खरखर वाढते. उलट ७८ची जाड सुई एलपीचा चर खराब करते.

झीज : एलपीच्या एका बाजूचा चर उलगडला तर तो ४०० मीटरहून लांब भरतो. ५०० तास वाजलेली सुई ६०० किलोमीटरहून अधिक घासलेली असते; म्हणजे छत्तीसगडातील भिलाईहून नागपूरला जाऊन परत येण्यापेक्षाही जास्त. टोकाच्या घडणीनुसार उत्पादक हिऱ्यासाठी साधारण ३०० ते १,००० तासांची मर्यादा सांगतात. वाजवलेल्या तासांची वही ठेवणे हा सर्वांत खात्रीचा उपाय आहे.

तपासणी : आधी समोरून पाहावे. दांडी सरळ असावी, एका बाजूला कललेली किंवा कार्ट्रिजच्या पोटाला टेकलेली नसावी. दहापट भिंगातून धूळ आणि तंतू दिसतात. झीज पाहण्यासाठी मात्र शंभर ते दोनशेपट मोठे दाखवणारा सूक्ष्मदर्शक आणि बाजूने पडणारा प्रकाश हवा. टोकाच्या दोन्ही अंगांना सपाट, चकाकणारे ठिपके दिसले तर सुई झिजली आहे. कानाला पटणारी खूण अशी : ‘स’, ‘श’ ही अक्षरे फुसफुसतात आणि तबकडीच्या आतल्या चरांत आवाज फाटतो. मात्र मळलेली तबकडी किंवा सुईचा चुकीचा दाब यांमुळेही असे होते. म्हणून निष्कर्षापूर्वी दोन्ही तपासावेत.

स्वच्छता : प्रत्येक बाजूपूर्वी मऊ ब्रश मागून पुढे, म्हणजे तबकडी सरकते त्याच दिशेने, हलकेच फिरवावा. आडवा किंवा उलटा फिरवल्यास दांडी वाकू शकते. बोटाने धूळ काढू नये आणि तोंडाने फुंकू नये. चिकट मळासाठी ब्रशच्या टोकावर आयसोप्रोपिल अल्कोहोलचा अगदी थोडा ओलावा पुरतो. अल्कोहोल दांडीवरून वर चढले तर टोक बसवण्याचा गोंद आणि रबरी आधार बिघडू शकतात. लाख अल्कोहोलात विरघळते, म्हणून ते ७८च्या तबकडीला कधीही लावू नये.

दाब : आजच्या बहुतेक कार्ट्रिजांना दीड ते तीन ग्रॅम दाब लागतो. तो उत्पादकाने दिलेल्या मर्यादेतच ठेवावा. दाब फार कमी ठेवला तर सुई चरात उड्या मारते आणि नुकसान उलट वाढते.

हवामान व परिसर : भिलाईच्या खुर्सीपारसारख्या वस्तीत उन्हाळ्याच्या कोरड्या हवेने तबकडीवर स्थिर विद्युत् साठते आणि धूळ ओढली जाते. पावसाळ्यात बुरशी येते, आणि ती सुईला गोळ्यासारखी चिकटते. धुळीत लोखंडाचे कण असतील, तर चुंबकीय कार्ट्रिजकडे ते ओढले जातात. भिलाईसारख्या पोलाद कारखान्याच्या शहरात याकडे विशेष लक्ष द्यावे. वाजवणे संपताच सुईवर टोपी आणि प्लेअरवर झाकण घालावे.

जतन : मुंबईत १९९० साली स्थापन झालेल्या सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स या संग्राहकांच्या संस्थेने जुन्या ध्वनिमुद्रिकांचे जतन व अभ्यास यांसाठी काम केले आहे. घरी जुन्या तबकड्या असणाऱ्यांनी, विशेषतः प्लेअर अनेक वर्षे बंद असेल तर, पहिली तबकडी लावण्याआधी सुई तपासावी आणि शंका असल्यास ती बदलावी. न वापरलेल्या सुईचा रबरी आधारही काळाने कडक होतो.