रस्त्यावरचे मीठ : साठवण व पर्यावरणीय परिणाम

थंड प्रदेशांत रस्त्यांवरचा बर्फ वितळावा किंवा तो डांबराला घट्ट धरू नये म्हणून टाकले जाणारे मीठ. हे बहुधा खाणीतले जाडे सोडियम क्लोराइड असते. कॅनडात ह्यूरॉन सरोवराच्या तळाखाली गेलेली गॉडरिचची खाण त्यासाठी प्रसिद्ध आहे. अमेरिकेत १९३८ साली न्यू हॅम्पशर राज्याने त्याचा प्रायोगिक वापर केला.

कार्य : मिठाने पाण्याचा गोठणबिंदू खाली येतो. सुमारे २३ टक्के मिठाचे द्रावण उणे २१° से.पर्यंत द्रवरूप राहते. रस्त्यावर मात्र उणे १०° से.च्या खाली मीठ फारसे उपयोगी पडत नाही. तेव्हा कॅल्शियम क्लोराइड वा वाळू वापरतात.

साठवण : ओलाव्याने मिठाची ढेकळे होतात, ती होऊ नयेत म्हणून त्यात सोडियम फेरोसायनाइड अल्प प्रमाणात मिसळतात. उघड्या ढिगावर पाऊस पडला की खारे पाणी जमिनीत मुरून विहिरींपर्यंत पोचते. म्हणून ढीग छपराखाली किंवा घुमटाकार कोठारात, पाणी न झिरपणाऱ्या फरशीवर ठेवतात. वाहून येणारे पाणी टाकीत जमवतात. गाड्या भरताना सांडलेले मीठ लगेच झाडून घेणेही तितकेच गरजेचे असते.

परिणाम : क्लोराइड मातीत धरून राहत नाही आणि कुजूनही जात नाही, ते ओढे, तळी व भूजलात साचत जाते. सोडियममुळे मातीची कणरचना बिघडते. रस्त्याकडेच्या पाइनची पाने करपतात, पुलांचे पोलाद गंजते. खारे पाणी जड असल्याने तळाशी बसते : न्यूयॉर्क राज्यातील रॉचेस्टरजवळच्या इरॉन्डिक्वॉइट उपसागरात १९७०च्या वसंतात वरचे व तळाचे पाणी यामुळे पूर्ण मिसळू शकले नाही. असे मिसळणे थांबल्यास तळाला प्राणवायू मिळत नाही. जलचरांच्या रक्षणासाठी अमेरिकेने १९८८मध्ये दीर्घकालीन क्लोराइडची मर्यादा लिटरमागे २३० मिग्रॅ. ठरवली, कॅनडाची २०११ची मार्गदर्शक मर्यादा १२० मिग्रॅ. आहे.

नियंत्रण : कॅनडाच्या २००४च्या आचारसंहितेनुसार वर्षाला ५०० टनांहून अधिक मीठ वापरणाऱ्या संस्थांनी व्यवस्थापन आराखडा करणे अपेक्षित आहे. मीठ आधी ओलवून टाकणे आणि फवारणी यंत्रे मापात ठेवणे यांमुळे वापर घटतो. निसरड्या रस्त्यावर जीव वाचवायला मीठ लागतेच, आणि तिथे पडलेले परत गोळा करता येत नाही. कोठारातली गळती मात्र पूर्णपणे माणसाच्या हाती असते; त्यामुळे सुरक्षित साठवण ही या प्रदूषणावरच्या उपायांतली पहिली पायरी ठरते.