बीडची गुप्ती आणि खिशांतला चाकू

जुन्या मराठी घराच्या फडताळांत किंवा लिहिण्याच्या पेटीच्या तळाशीं एखादा मिटलेला चाकू पुष्कळदां सांपडतो. पात्यावर गंजाचे ठिपके असतात, शिंगाच्या मुठीला बारीक चीर गेलेली असते, आणि तो कोणी, कोठून व कधीं आणला हें घरांतील कोणासहि सांगतां येत नाहीं. बीडकडील एखाद्या जुन्या घरांत अशाच विस्मृतींत दाराआड एक काठी उभी असते. तिची मूठ फिरवून ओढली म्हणजे आंतून लांब, अरुंद पातें बाहेर येतें. एकाचें पातें मुठींत मिटतें, दुसरीचें काठींत लपतें. धार झांकून ती जवळ बाळगावयाची, हा हेतु मात्र दोहोंचा एकच. आज अशा वस्तूंचे संग्राहक आहेत व बाजारांत त्यांना किंमतहि येते. ती किंमत कशावरून ठरते आणि ठरवितांना काय निसटून जातें, हें बीडच्या गुप्तीच्या उदाहरणानें चांगलें समजतें.

बिंदुसरेच्या कांठचें बीड हें मराठवाड्यांतील जुन्या शहरांपैकीं एक. तुघलक, बहामनी, अहमदनगरची निजामशाही, मोगल आणि शेवटीं हैदराबादचे निजाम अशा अनेक सत्ता त्यानें पाहिल्या. सप्टेंबर १९४८ मध्यें हैदराबादवरील निजामाची सत्ता संपली, १९५६ सालीं मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यांत आला आणि १ मे १९६० रोजीं बीड महाराष्ट्राचा जिल्हा झाला. या शहराचें नांव दोन वस्तूंमुळें दूरवर पोंचलें होतें: एक छागल व दुसरी गुप्ती. छागल म्हणजे पाणी नेण्याची चामड्याची पिशवी. तिच्या नांवांतच ‘छाग’ म्हणजे बोकड दडलेला आहे. गुप्ती म्हणजे काठींत लपविलेलें पातें. दोन्ही वस्तु प्रवाशाच्या. बालाघाटाच्या डोंगररांगांचा हा मुलूख कोरडा. पायीं किंवा बैलगाडीनें निघालेल्या माणसाला पाण्याची चिंता होती व चोरवाटांची भीतीहि होती. एकाच शहरानें त्याच्या एका हातीं पाणी दिलें आणि दुसऱ्या हातीं संरक्षण.

गुप्तीची रचना दिसावयास साधी, परंतु करावयास कठीण. काठी आंतून सरळ पोखरलेली हवी. पातें इतकें अरुंद हवें कीं काठीची जाडी पाहून संशय येऊं नये, आणि इतकें ताठ हवें कीं उपसतांना तें वांकूं नये. मूठ व काठी जेथें मिळतात तो सांधा एखाद्या कड्याखालीं झांकलेला असतो. खालची शेंबी रोजच्या चालण्यानें झिजते. म्हणूनच गुप्ती खरोखर वापरांत होती कीं नुसती भिंतीवर होती, हें पात्यापेक्षां शेंबीवरून लवकर कळतें.

खिशांतल्या चाकूचा उगम वेगळा आहे. मिटणाऱ्या पात्याचे चाकू रोमन काळींहि होते. परंतु सुशिक्षित घरांत चाकू शिरला तो लेखनाच्या पाटीबरोबर. आपल्याकडे बोरू तासण्यासाठीं कलमतराश लागे. बोरूचें टोक तिरपें व स्वच्छ कापलें गेलें नाहीं तर मोडी अक्षराला वळण येत नसे. युरोपांत पिसाची लेखणी तासण्यास असेंच लहान पातें लागे, आणि इंग्रजींत खिशांतल्या चाकूला आजहि लेखणीचेंच नांव आहे. पुढें पोलादाच्या कमानीवर पातें उघडें व मिटलें स्थिर राहूं लागलें. लेखणी गेली, पेन्सिल आली, तरी चाकू खिशांतच राहिला.

या लहानशा चाकूच्या इतिहासांत भारताचें एक मोठें पान आहे. १७९४ च्या सुमारास मुंबईहून डॉ. हेलेनस स्कॉट यानें ‘वूट्झ’ नांवाच्या देशी पोलादाचे नमुने लंडनला रॉयल सोसायटीचे अध्यक्ष सर जोसेफ बँक्स यांजकडे पाठविले. त्यांवरील जॉर्ज पियर्सन याचा निबंध १७९५ सालीं प्रसिद्ध झाला. त्यांत असें नमूद आहे कीं, बँक्स यांच्या इच्छेवरून स्टोडार्ट नांवाच्या कारागिरानें या पोलादाचा एक लेखणीचा चाकू घडविला, व त्याची धार उत्तमांतल्या उत्तम पोलादी चाकूच्या तोडीची ठरली. हाच स्टोडार्ट पुढें मायकेल फॅरडेबरोबर पोलादाच्या मिश्रणांवर प्रयोग करीत होता. असें पोलाद तयार करणारें कोनसमुद्रम् हें प्रसिद्ध गांव बीडप्रमाणेंच निजामाच्या राज्यांत होतें. आज तें तेलंगणांत आहे. तेथील मुशींत पोलाद करण्याच्या रीतीचें व्हॉइसी यानें केलेलें वर्णन १८३२ मध्यें छापलें गेलें. याचा अर्थ बीडच्या प्रत्येक गुप्तीचें पातें त्या पोलादाचें असे असा नव्हे. पण ज्या मुलुखांत पोलादाची पारख होती, त्याच मुलुखांत बीडचा कारागीर काम करीत होता.

नंतर प्रवाह उलटा वाहूं लागला. शेफील्डचे चाकू आपल्या बाजारांत आले. भारतांतील सांबराचें शिंग शेफील्डला जाई आणि चाकूची मूठ होऊन जगभर विके. तेथील जोसेफ रॉजर्स यांच्या कारखान्याला १८२२ सालीं राजाश्रय मिळाला होता. त्यांच्या पात्यावरील तारा व क्रूस ही खूण उत्तम मालाची हमी समजली जाऊं लागली. येथूनच आजच्या मूल्यमापनाची पद्धत निघाली आहे. संग्राहक प्रथम पात्याच्या मुठीकडील बोथट भागावरचा ठसा वाचतो. अमेरिकेंत आयात होणाऱ्या मालावर १८९१ पासून देशाचें नांव घालणें सक्तीचें झालें, म्हणून देशाचें नांव कोरलेलें असलें तर चाकू बहुधा त्यानंतरचा. न गंजणारें पोलाद शेफील्डमध्यें हॅरी ब्रिअर्ली यानें १९१३ सालीं तयार केलें, म्हणून पात्यावर तशी नोंद असेल तर तो चाकू त्याहून जुना असूं शकत नाहीं. मग पातें मूळच्या रुंदीचें आहे कीं सहाणेवर घांसून अर्धें झालें आहे, कमान अजून टचकन् मिटते कीं सैल पडली आहे, खिळे मूळचे आहेत कीं बदललेले, हें पाहिलें जातें. ज्याचें पातें कमी झिजलें, ज्याची मूठ अभंग, ज्याचा ठसा स्पष्ट, त्याला किंमत अधिक.

येथें एक मोठी चूक सर्रास होते. विकण्यापूर्वीं मालक पातें काथ्या-राखेनें किंवा यंत्रावर घांसून चकचकीत करतो. त्याबरोबर ठसा पुसट होतो, कडा गोल होतात, आणि काळानें आलेला करडा रंग कायमचा जातो. रुपयाची वस्तु आठ आण्यांची करण्याचा याहून खात्रीचा उपाय नाहीं. तांबूस गंज थोड्या तेलानें हलकेच काढावा. करड्या छटेला हात लावूं नये. चामड्याच्या म्यानांत पातें वर्षानुवर्षें ठेवूं नये, कारण कमावलेलें चामडें पोलादास गंज आणतें. सेल्युलॉइडच्या मुठीचा चाकू इतरांपासून वेगळा ठेवावा. ती मूठ कुजतांना निघणारी आम्ल वाफ शेजारच्या पात्यांसहि खाते.

परंतु ही सारी मोजपट्टी ठशावर उभी आहे, आणि बीडच्या गुप्तीवर सहसा ठसाच नसतो. तिच्या कारागिराला आपलें नांव कोरण्याची गरज नव्हती. गिऱ्हाईक त्याला ओळखत होतें. परिणाम असा कीं शेफील्डचा ठोक मालांतला चाकू नांवामुळें जपला जातो, आणि हातानें घडविलेली गुप्ती मोडींत निघते. जी वस्तु अनाम म्हणून स्वस्त ठरते, ती स्वस्त म्हणून जपली जात नाहीं, व जपली न गेल्यामुळें तिचा इतिहास लिहिला जात नाहीं.

या फेऱ्यांतून सुटण्याची वाट पुण्यानें दाखविली आहे. दिनकर गंगाधर केळकर यांनीं १९२० च्या सुमारास घरगुती वस्तु गोळा करण्यास आरंभ केला. दिवे, भांडीं, दौती आणि अडकित्ते. अडकित्ता हेंहि खिळीवर फिरणारें पातेंच, आणि त्याच्यावरहि कारागिराचें नांव नसतें. एकटा अडकित्ता कोणी पाहिला नसता. पण अनेक अडकित्ते शेजारीं ठेवल्याबरोबर गांवोगांवच्या घडणीचे भेद बोलूं लागले. १९७५ सालीं हा संग्रह महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन झाला. अनाम वस्तूचें मोल एकट्या वस्तूंत नसून तिच्या मालिकेंत व तिच्याबरोबर आलेल्या माहितींत असतें, हा त्याचा धडा.

गुप्तीच्या बाबतींत कायद्याचेंहि भान हवें. १९५९ च्या शस्त्र अधिनियमाखालील नियमांत गुप्ती ही तरवार व कट्यार यांच्याच वर्गांत मोडते. म्हणून ती बाळगणाऱ्यानें परवान्याविषयीं पोलीस ठाण्यांत चौकशी करणें योग्य. शंभर वर्षें वा त्याहून जुनी वस्तु १९७२ च्या पुरावस्तुविषयक कायद्यानें खासगी व्यक्तीस परदेशीं पाठवितां येत नाहीं. हस्तिदंत व सांबरशिंग यांचा व्यापारहि आज बंद आहे. तशा मुठीची वस्तु वारसा म्हणून जपावी, माल म्हणून विकावयास काढूं नये.

राहतां राहिलें तें एक काम, आणि त्यास पैसा लागत नाहीं. ती काठी कोणाच्या हातांत असे, कोणत्या बाजारांत घेतली, कोणत्या आळींत ती घडत असे, हें सांगूं शकणारीं वडील माणसें दर वर्षीं कमी होत आहेत. त्यांना विचारून चार ओळी कागदावर लिहाव्या, तारीख घालावी व तो कागद वस्तूच्या खणांत ठेवावा. शेफील्डच्या पात्याला त्याच्या कारखान्यानें नांव दिलें. बीडच्या पात्याला तें आतां घरच्या माणसांनींच द्यावयाचें आहे.