साठ पत्ते आणि एक पैज



लहानपणी आमच्या गल्लीत काड्यापेट्यांवरच्या चित्रांचा खेळ चालायचा. मातीत रिंगण आखायचं, प्रत्येकानं आपापली दोन-दोन चित्रं मध्ये मांडायची आणि लांबून चपटा दगड मारायचा. जी चित्रं रिंगणाबाहेर जातील ती मारणाऱ्याची. एका संध्याकाळी मी चौदा चित्रं हरून रडत घरी आलो. अब्बा प्राथमिक शाळेत शिक्षक. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाले, "हरल्यावर जे आपल्या घरातून जातं, तो खेळ नव्हे बेटा, तो जुवा." उरलेली चित्रं दुसऱ्या दिवशी चुलीत गेली. पत्त्यांचा कॅट तर आमच्या घरात कधी आलाच नाही. भिकार-सावकार आणि बदामसात मी मित्रांच्या ओट्यावर शिकलो.

हे आठवायचं कारण म्हणजे माझा भाचा. गेल्या वर्षी तो पुण्याहून आला तो खिशात एक डबी घेऊन. डबीत साठ रंगीत पत्ते. "मामू, हे साठ पत्ते माझे मीच निवडलेत. समोरचा त्याचे साठ आणतो. मग लढत." खेळाचं नाव 'मॅजिक: द गॅदरिंग'. अब्बा आता नाहीत, पण त्यांचा प्रश्न माझ्या तोंडी आला : हा खेळ की जुवा? भाचा हसला. मी मात्र या खेळाचा इतिहास धुंडाळायला बसलो, आणि गंमत अशी की, अब्बांचा तोच प्रश्न या खेळाच्या मुळाशीच बसलेला निघाला.

रिचर्ड गारफिल्ड हे अमेरिकेतले गणिताचे अभ्यासक. 1991 मध्ये ते आपल्या एका खेळाची कल्पना घेऊन पीटर ॲडकिसन यांच्या 'विझर्ड्स ऑफ द कोस्ट' या छोट्या कंपनीकडे गेले. तो खेळ छापणं कंपनीला झेपणारं नव्हतं. ॲडकिसन म्हणाले, खिशात मावेल, झटपट संपेल आणि स्वस्तात छापता येईल असं काही द्या. त्यातून ऑगस्ट 1993 मध्ये 'मॅजिक' बाजारात आला.

आपल्या ओळखीच्या पत्त्यांत सगळ्यांचा मिळून एकच कॅट असतो. सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफ्याचे पत्ते 120, रंग दहा, आणि ते कुणाच्याही घरी तेवढेच. गारफिल्ड यांनी इथंच फरक केला. पहिल्या संचात त्यांनी 295 प्रकारचे पत्ते केले आणि सांगितलं, यातून ज्यानं त्यानं आपला कॅट बांधावा. प्रत्येक खेळाडूला वीस प्राण. जमिनीचे पत्ते मांडायचे, त्यांतून शक्ती काढायची, त्या शक्तीवर सैनिक किंवा मंत्र खेळायचे आणि समोरच्याचे वीस प्राण संपवायचे. एका पाळीला एकच जमीन मांडता येते. म्हणजे पहिल्या पाळीला एक शक्ती, दुसऱ्या पाळीला दोन. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

पत्ते मिळायचे बंद पाकिटात. पंधरा पत्त्यांच्या पाकिटात एक दुर्मीळ, तीन मध्यम, बाकी साधे. आत काय आहे ते फोडल्याशिवाय कळत नाही. आणि मूळ नियमांत आणखी एक गोष्ट होती. डाव सुरू होण्याआधी दोघांनी आपापल्या पिसलेल्या कॅटमधला एकेक पत्ता बाजूला काढून ठेवायचा. जिंकणारा दोन्ही पत्ते घेऊन घरी जाणार. म्हणजे आमचं काड्यापेटीचं रिंगणच.

गारफिल्ड यांचा हिशेब भाबडा नव्हता. लोक थोडेच पत्ते विकत घेतील, पैजेमुळे पत्ते हातोहाती फिरत राहतील आणि कुणा एकाकडे बलाढ्य पत्ते साचून राहणार नाहीत, असं त्यांना वाटलं. झालं उलटंच. लोकांनी पाकिटांची खोकीच्या खोकी उचलली, आणि हौसेनं जमवलेला पत्ता पैजेत घालवायला कुणी तयार होईना. शिवाय जुगाराच्या कायद्याची धास्ती होतीच. पैजेचा उल्लेख असलेले एकूण नऊ पत्ते निघाले, त्यातले शेवटचे 1995 मध्ये. स्पर्धांतून त्यांना बंदी झाली आणि मग पैजेची चालच मोडली.

पण पैज गेली तरी दुसरा प्रश्न उरला. ज्याच्याकडे पैसा जास्त, त्याच्याकडे पत्ते भारी. मग जिंकतं कोण, डोकं की पाकीट? स्पर्धांचा सगळा इतिहास मला या एका प्रश्नाचा इतिहास वाटतो.

सुरुवातीला एकाच पत्त्याच्या हव्या तितक्या प्रती कॅटमध्ये घालता येत. श्रीमंत पोरांची चैन होती. 1994 मध्ये स्पर्धेचे नियम आले : कॅट किमान साठ पत्त्यांचा, जमिनीचे साधे पत्ते सोडून एका पत्त्याच्या प्रती चारच, आणि काही अतिबलाढ्य पत्त्यांची फक्त एक. या एकाच्या यादीत 'ब्लॅक लोटस' हा काळ्या कमळाचा पत्ता होता. एका सहीच्या प्रतीला 2021 च्या लिलावात 5 लाख 11 हजार 100 डॉलर आले, यावरून त्याचा रुबाब कळावा. 1995 मध्ये आणखी पुढचं पाऊल पडलं. एका प्रकारच्या स्पर्धेत फक्त अलीकडच्या संचांतलेच पत्ते चालतील असं ठरलं. त्या टेबलावर काळं कमळही कवडीमोल झालं.

पहिली जागतिक स्पर्धा ऑगस्ट 1994 मध्ये मिलवॉकी शहरात झाली. अमेरिकेचा झॅक डोलन जिंकला, फ्रान्सचा बर्ट्रांड लेस्त्रे अंतिम फेरीत हरला. फेब्रुवारी 1996 मध्ये न्यूयॉर्कला, भर हिमवादळात, रोख बक्षिसांची पहिली व्यावसायिक स्पर्धा झाली. तिथं मायकेल लोकाँटो जिंकला, आणि अंतिम फेरीत हरणारा पुन्हा लेस्त्रेच. त्या माणसाविषयी मला उगीचच आपलेपणा वाटतो.

आता कॅट कसे बांधले गेले ते पाहू. कॅलिफोर्नियात ब्रायन वाइसमन नावाच्या तरुणानं 1994-95 च्या सुमारास एक कॅट बांधला. लोक त्याला नुसतं 'द डेक' म्हणत, म्हणजे जणू दुसरा कॅटच नाही. त्याचा विचार सावकारी होता. घाई करायची नाही. समोरचा जे जे मांडेल ते ते मोडायचं. माझ्या एका पत्त्यानं तुझे दोन पत्ते खर्ची पडले, तर मी एकानं पुढे. असं करत करत समोरच्याचा हात रिकामा झाला, की मग शेवटी दोनच देवदूत उतरवायचे आणि सावकाश वसुली करायची. पत्त्यांचं असं जमाखर्चाचं शास्त्र या कॅटनं रूढ केलं. मात्र त्यात काळ्या कमळासारखे महाग पत्ते भरलेले होते. डोकं होतंच, पण पैसाही होता.

याच्या अगदी उलटा विचार 1996 मध्ये अटलांटाच्या एका पात्रता स्पर्धेत दिसला. पॉल स्लाय नावाचा खेळाडू जो कॅट घेऊन आला, त्यातले पत्ते पाहून लोक हसले असणार. ज्यांना कुणी विचारत नसे असे लाल रंगाचे किरकोळ सैनिक, भित्रे राक्षस आणि स्वस्तातले अग्निमंत्र. पण हा कॅट जिंकत गेला. बांधला होता जे श्नायडर यांनी, नाव मात्र खेळणाऱ्याचं पडलं. आजही तसल्या कॅटला 'स्लाय' म्हणतात.

त्यातलं गुपित साधं होतं. पहिल्या पाळीला एक शक्ती असते, तर एका शक्तीचे पत्ते पुरेसे हवेत. दुसऱ्या पाळीला दोन, तर दोनाचे हवेत. कुठल्याही पाळीला शक्तीचा एक दाणाही वाया जाता कामा नये. तुटपुंज्या पगारात महिना काढणारी बाई पहिल्या तारखेलाच जसा रुपया रुपया लावून ठेवते, तशी ही मांडणी. समोरचा आपला भारी पत्ता खेळण्याइतकी जमीन जमवेपर्यंत त्याचे निम्मे प्राण गेलेले. एकेका पत्त्याची ताकद कमी, पण साठ पत्त्यांचा मेळ पक्का. भिकार-सावकारात भिकारी जिंकतो तो नशिबानं. इथं तो हिशेबानं जिंकला.

तिसरी तऱ्हा जुळवणीची. दोन-तीन पत्ते असे एकत्र आणायचे की त्यांतून न संपणारी शक्ती निघावी आणि समोरचा एका फटक्यात गार व्हावा. 1998 च्या ऑक्टोबरात आलेल्या संचानं या तऱ्हेला मोकळं रान दिलं. नोव्हेंबरमध्ये रोमची स्पर्धा फिनलंडच्या टोमी होवीनं अशाच कॅटवर जिंकली. डाव सुरू होतो न होतो तोच संपायला लागले. लोक त्या हिवाळ्याला अजून नावं ठेवतात. डिसेंबरात बंदी आली. पुढच्या संचातला एक पत्ता तर बाजारात आल्यावर महिन्याभरातच तातडीनं बंद करावा लागला. समोर बसलेल्याला खेळूच न देणारा खेळ कोण किती दिवस खेळणार?

या तिन्ही तऱ्हांवर माइक फ्लोरेस यांनी 1999 मध्ये एक लेख लिहिला. कबड्डीच्या भाषेत सांगायचं तर त्यांचा प्रश्न असा : या डावात चढाई कुणाची आणि पकड कुणाची? दोन चढाईचे कॅट समोरासमोर आले तरी त्यांतल्या एकाला बचाव करावाच लागतो. ज्यानं आपली भूमिका चुकीची ओळखली, तो हातात चांगले पत्ते असूनही हरतो. हे वाचून मी थोडा वेळ थांबलो. पन्नाशीनंतर माणसाला अशी वाक्यं पत्त्यांपलीकडेही लागू पडतात.

मला स्वतःला आवडलेला पत्ता मात्र निराळाच आहे. डिसेंबर 1993 मध्ये या खेळाचा पहिला पुरवणी संच निघाला तो अरबी सुरस कथांवर. त्यात अल्लादीन आहे, सिंदबाद आहे आणि शहरजादही आहे. शहरजादचा पत्ता टाकला की चालू डाव थांबवून उरलेल्या पत्त्यांवर दुसरा डाव मांडायचा. तो संपला की पहिल्याकडे परत. गोष्टीतून गोष्ट काढून रोज एक रात्र जगणाऱ्या त्या बाईला याहून चांगला सलाम काय असेल? पण स्पर्धेत एका फेरीला पन्नास मिनिटं असतात. तिथं हजार रात्री कुठून आणायच्या? 2007 मध्ये तिला स्पर्धेतून बाद करण्यात आलं. त्याच संचात 'जिहाद' नावाचा पत्ता होता, आणि मूळ संचात 'क्रुसेड'. 2020 च्या जूनमध्ये कंपनीनं आक्षेपार्ह म्हणून सात पत्ते मागे घेतले, त्यात हे दोन्ही एकाच दिवशी गेले. त्या निर्णयाविषयी माझी तक्रार नाही. शहरजादसाठी मात्र वाईट वाटलं.

आता अब्बांच्या प्रश्नाकडे येतो. स्पर्धेच्या टेबलावर जुवा नाही, हे मी त्यांना छातीठोक सांगितलं असतं. हरणाऱ्याचे साठ पत्ते त्याच्याच डबीत परत जातात. तीन डावांतले दोन जिंकायचे असतात आणि मधल्या वेळेत पंधरा राखीव पत्त्यांतून फेरबदल करता येतो, म्हणून निव्वळ नशिबाला फार वाव राहत नाही. जर्मनीचा काई बुडे सात व्यावसायिक स्पर्धा जिंकला. नशीब एका माणसावर सात वेळा भाळत नाही.

पण अब्बा तेवढ्यावर थांबणारे नव्हते. त्यांनी बंद पाकीट हातात घेऊन विचारलं असतं, "आणि यात काय आहे?" त्याचं उत्तर माझ्यापाशी नाही. कारण ते फोडल्याशिवाय कुणालाच कळत नाही. पैज टेबलावरून उठली, ती जाऊन पाकिटात बसली. एका दुर्मीळ पत्त्याच्या आशेनं पाकिटामागून पाकीट फोडणारा पोरगा आणि रिंगणात शेवटचं चित्र लावणारा मी, यांच्यात फार अंतर नाही. फरक एवढाच की, माझी चित्रं गल्लीतल्याच पोराकडे गेली होती.

हे सगळं मी भाच्याला सांगितलं. त्यानं शांतपणे ऐकलं आणि आपली डबी पुढे केली. म्हणाला, "मामू, मी पाकिटं घेतच नाही. हवे तेवढेच सुटे पत्ते दुकानातून निवडून घेतो. स्वस्तातले." मग त्यानं ते साठ पत्ते माझ्यासमोर पसरले. सगळे लाल, सगळे किरकोळ. मी एकेक उचलून पाहिला आणि पहिल्यांदाच आमच्या घरातल्या टेबलावर पत्ते पिसले.

(नभोवाणीवरील भाषणाचं संपादित रूप)