उत्तर ठाऊक नसलेला प्रयोग

रसायनशास्त्राच्या प्रात्यक्षिकात विद्यार्थी दिलेला क्षार ओळखतो, जर्नलमध्ये लिहितो आणि शिक्षक सही करतात. उत्तर त्यांना आधीच ठाऊक असते. शिक्षकांनाही ज्याचे उत्तर ठाऊक नाही, असा प्रश्न विद्यार्थ्याच्या हाती देता येईल का? जर्मनीतील गीसेन या लहानशा गावी तसे घडले होते.

१८२४ साली युस्टुस लीबिग तेथे प्राध्यापक झाले, तेव्हा ते २१ वर्षांचे होते. प्रयोगशाळेसाठी जागा मिळाली ती सैनिकांच्या रिकाम्या बराकीत. सेंद्रिय पदार्थात कार्बन किती, हे ठरवणे त्या काळी फार किचकट होते. वायूचे आकारमान मोजावे लागे आणि त्याला तरबेज हात लागत. १८३१ मध्ये लीबिग यांनी पाच फुगे असलेली काचेची नळी तयार केली. पदार्थ कॉपर ऑक्साइडबरोबर तापवला की पाण्याची वाफ कॅल्शियम क्लोराइडमध्ये आणि कार्बन डायऑक्साइड फुग्यांतील दाहक पोटॅशच्या द्रावणात शोषला जाई. आधीचे व नंतरचे वजन घेतले की झाला हिशेब! आता विद्यार्थ्याच्या विश्लेषणावरही भरवसा ठेवता येऊ लागला.

नवखा विद्यार्थी प्रथम माहीत असलेल्या पदार्थांवर हात बसवी. मग त्याला स्वतंत्र प्रश्न मिळे. रोज सकाळी त्याने कालचे काम आणि पुढचा बेत सांगायचा. लीबिग आपले मत देत, पण वाट ज्याची त्यानेच शोधायची.

त्यांचे शिष्य हॉफमान यांनी ही पद्धत १८४५ साली लंडनला नेली. तेथील विल्यम पर्किन हा १८ वर्षांचा विद्यार्थी १८५६ च्या ईस्टरच्या सुटीत घरीच क्विनीन बनवू पाहत होता. अणूंची बेरीज कागदावर जुळत होती. हाती आला तपकिरी गाळ. अणूंची संख्या जुळली म्हणून त्यांची मांडणी जुळतेच असे नाही. पर्किनने गाळ फेकून देऊन विषय सोडला नाही. अधिक साधे ॲनिलीन घेऊन तोच प्रयोग केला. या वेळी गाळ काळा आला, पण अल्कोहोलमध्ये त्याचा जांभळा रंग उतरला. कृत्रिम रंगांचा उद्योग येथून उभा राहिला.

आपल्या प्रात्यक्षिकात असा गाळ आला असता, तर किती गुण मिळाले असते?

यासाठी मोठी प्रयोगशाळा लागत नाही. गावातील विहिरींच्या पाण्याची दुष्फेनता वर्षभर दरमहा मोजायला सांगून पाहा. पावसाळ्यानंतर ती कोणत्या विहिरीत किती बदलेल, हे आपल्यालाही ठाऊक नसते. प्रश्न खरा असला, की विद्यार्थी वजन पुन्हा करतो, चुकलेली नोंद खोडत नाही आणि शेजाऱ्याचे उत्तर उतरवूनही घेत नाही. कारण तेथे उतरवण्याजोगे काही नसतेच.