पट्टा कुणी ओढायचा?

एखाद्या घाटदार, रेखीव वस्तूला मराठीत आपण ‘कातीव’ म्हणतो. आम्हा कवींचा तर हा आवडता शब्द. पण कातीव म्हणजे मुळात कातलेले, आणि कातणे केवळ सुताचे नसते, लाकडाचेही असते. लाकूड कातणारा तो कातारी. त्याच्यापुढे लाकूड फिरत राहते, हत्यार हातात घट्ट धरलेले असते आणि नको तेवढे लाकूड सालीसारखे उडून जाते. हिंदी-उर्दूत या कामाला खराद म्हणतात. अरबीत ‘खर्रात’ म्हणजे कातारी. तो शब्द फारसीच्या वाटेने आपल्याकडे आला आणि खरादी हे आडनाव होऊन बसला. फारसी ‘चर्ख’ म्हणजे चाक. आपला चरखा त्यातलाच. धंद्याची नावे अशी वेगवेगळ्या वाटांनी आली, पण घरात आलेल्या वस्तू सगळ्यांच्या सारख्याच होत्या : लाटणे, रवी, भोवरा, खुळखुळा, पलंगाचे पाय. तसबीहचा मणी कातला जातो आणि माळेतला लाकडी मणीही कातलाच जातो.

आमच्या मोहल्ल्यातला एक तरुण असेच बारीकसारीक कातकाम करतो. वडिलांच्या वेळचा त्याचा लेथ दुरुस्तीपलीकडे गेला, तेव्हा तो इंग्रजी कॅटलॉग घेऊन माझ्याकडे आला. माझी बी.ए.ची पदवी मोहल्ल्यात अशाच कामांना उपयोगी पडते. ‘‘चाचा, एवढं वाचून सांगा. छोट्या कामाला कुठला घेऊ?’’ मी वाचू लागलो आणि लक्षात आले की त्या कॅटलॉगातल्या एकेका आकड्यामागे काही शतकांचा इतिहास आहे. माणसाने फार पूर्वी स्वतःला विचारलेल्या प्रश्नांचीच ती उत्तरे होती.

पहिला प्रश्न : लाकूड फिरवायचे कुणी? इजिप्तमध्ये तुना अल-गबल येथे पेटोसिरिस नावाच्या पुरोहिताची कबर आहे. इसवी सनापूर्वी ३००च्या सुमाराची. तिच्या भिंतीवर लेथचे चित्र कोरले आहे. लेथच्या सर्वांत जुन्या चित्रांत त्याची गणना होते. चित्रात माणसे दोन आहेत. एक लाकडाभोवती गुंडाळलेला पट्टा आळीपाळीने दोन्ही बाजूंना ओढतो आहे, दुसऱ्याच्या हातात हत्यार आहे. कारागीर म्हणून आपण ओळखतो तो हा दुसरा.

पट्टा ओढणारा परवडत नसेल तर काय? त्याचे उत्तर आपल्याकडे आणि पश्चिम आशियात धनुष्याने दिले. धनुष्याची दोरी लाकडाला एक वेढा देऊन घ्यायची, एका हाताने धनुष्य मागेपुढे करायचे, दुसऱ्या हाताने हत्यार धरायचे आणि ते हलू नये म्हणून पायाचा आधार द्यायचा. कच्छमधल्या निरोणा गावचे वाढा कारागीर अशाच हातलेथवर लाखकाम करत आले आहेत. दोन लोखंडी टोके, एक धनुष्य आणि जमिनीवर मांडलेली बैठक, एवढ्यात कारखाना उभा राहतो. युरोपातल्या कातारी मंडळींनी दुसरा उपाय काढला. डोक्यावर एक लवचिक फांदी बांधायची, तिच्यापासून लाकडाला वेढा देऊन दोरी खालच्या पावटीपर्यंत आणायची. पाय दाबला की लाकूड फिरते, पाय उचलला की फांदी दोरी परत खेचते. यात दोन्ही हात मोकळे राहतात. इंग्लंडमधल्या हाय विकमच्या परिसरात खुर्च्यांचे पाय कातणारे कारागीर जंगलातच असे लेथ उभारत. विसाव्या शतकातही ते तग धरून होते.

या सगळ्या लेथमध्ये एक उणीव होती. लाकूड एकदा पुढे फिरते, एकदा मागे. हत्यार कापते ते एकाच दिशेला. म्हणजे निम्मी मेहनत फुकट. दुसरा प्रश्न म्हणून हा होता : लाकूड एकाच दिशेने फिरत कसे ठेवायचे? १४८०च्या सुमारास लिओनार्दो दा विंचीने एका लेथचे रेखाटन केले. त्यात पावटी आहे, वाकडा दांडा आहे आणि जड चाक आहे. पायाने दिलेला झोका त्या चाकात साठतो आणि लाकूड अखंड फिरत राहते. शिलाईच्या मशीनवर बसणाऱ्या कुठल्याही दर्जीला ही गोष्ट समजावून सांगावी लागणार नाही.

इथून पुढे लेथच्या घराण्याच्या दोन शाखा झाल्या. १८००च्या सुमारास इंग्लंडमध्ये हेन्री मॉडस्ले याने लोखंड कातण्याचा असा लेथ सिद्ध केला, की ज्यात हत्यार माणसाच्या हातातून काढून यंत्राच्या पकडीत दिले होते. एकसारखे आटे पाडता येऊ लागले आणि यंत्रे बनवणारी यंत्रे तयार झाली. आपल्या बाजूला १९१० साली किर्लोस्करवाडी वसली आणि १९४१ साली हरिहरला म्हैसूर किर्लोस्कर कंपनी निघाली. तिचे लेथ देशभरच्या वर्कशॉपमध्ये पोहोचले. ही लोखंडाची शाखा. लाकडाच्या शाखेत मोटार आली, पण हत्यार हातातच राहिले. म्हणून मी त्या तरुणाला पहिली गोष्ट सांगितली, की स्वस्त मिळतो म्हणून लोखंडकामाचा जुना लेथ घेऊ नकोस. त्याची रचना दुसऱ्या कामासाठी आहे. तुला हवी ती हाताला टेकू देणारी साधी आडवी पट्टी आणि भरपूर वेग.

वेगाचे गणितही समजून घेण्यासारखे आहे. एक सेंटिमीटर जाडीचा मणी मिनिटाला ३००० फेरे घेतो, तेव्हा हत्यारासमोरून मिनिटाला सुमारे ९४ मीटर लाकूड सरकते. दहा सेंटिमीटर जाडीच्या पायाला तेवढ्यासाठी ३०० फेरे पुरतात. म्हणजे वस्तू जितकी बारीक, तितका वेग जास्त हवा. पण ३० सेंटिमीटरचे लाकूड त्याच ३००० फेऱ्यांवर लावले तर ते हातातले काम राहत नाही, संकट होते. शिवाय आपल्याकडच्या कामात रंग येतो तो लाखेचा. कर्नाटकातल्या चन्नपट्टणला रंगीत लाखेची कांडी फिरत्या खेळण्यावर दाबतात, घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळून लाकडावर बसते, मग केवड्याच्या पानाने तिला झळाळी आणतात. तिथे लागणारा वेग वेगळा आणि कातताना लागणारा वेगळा. म्हणून वेग कमी-जास्त करता येणारा लेथच घ्यावा.

मापातही एक गोम आहे. ब्रिटिश पद्धतीत लेथचे माप म्हणजे पाट्यापासून मध्यबिंदूची उंची. अमेरिकी पद्धतीत तेच दुप्पट धरून व्यास सांगतात. एकाचा सहा इंची लेथ तो दुसऱ्याचा बारा इंची. आकडा मोठा दिसला म्हणून जास्त पैसे मोजू नयेत. बारीक कामाला मोठ्या मापाची गरजही नसते. गरज असते वजनाची. बिडाचा जड पाटा थरथर पोटात घेतो. हलक्या पत्र्यावरचा लेथ ती थरथर मण्यावर उमटवतो. जुना लेथ घ्यायचा असेल तर दोन्ही बाजूंची टोके एकमेकांजवळ आणून पाहावीत. टोकाला टोक भिडले नाही तर लांब दांड्याला भोक पाडताना ते वाकडे जाणार. मग रिकामा लेथ चालवून बेअरिंगचा आवाज ऐकावा. एवढे तपासले की कॅटलॉग मिटवायला हरकत नाही.

पण माझे मन त्या पेटोसिरिसच्या कबरीपाशीच अडकून राहिले. पट्टा ओढणारा तो दुसरा माणूस पुढे कुठे गेला? आमच्या लहानपणी कातकामाच्या दुकानात दोरी ओढायला बसत ती घरातलीच माणसे, मुलगा किंवा बायको. दिवसभर एका लयीत ओढायचे. त्यांच्या हाताची लय चुकली तर मणी फुटायचा आणि बोल त्यांनाच बसायचे. मणी चांगला उतरला तर वाहवा मात्र हत्यार धरणाऱ्याची. कातारी म्हणायचे ते त्यालाच. मुलगा मोठा होऊन हत्यार धरू शकत असे. बायको मात्र जन्मभर दोरीशीच.

मोटार आली आणि दोरी सुटली. तिच्याबरोबर दोरीवरचे मूल शाळेत जायला मोकळे झाले, हे मी यंत्राचे मोठे उपकार मानतो. हातमागाच्या, हातकामाच्या आठवणीने गहिवरणाऱ्यांनी हे विसरू नये. बाईचे काय झाले, हे मात्र गावोगाव वेगळे आहे. काही ठिकाणी तिचे काम गेले आणि त्याबरोबर धंद्यातली तिची जागाही गेली. चन्नपट्टणमध्ये मात्र आज लेथवर बसून स्वतः हत्यार धरणाऱ्या स्त्रिया आहेत. दोरी ओढण्याचे बळ यंत्राने पुरवले आणि उरली ती नजर, हाताचा अंदाज. तो काही पुरुषाच्या मालकीचा नव्हता.

म्हणून त्या तरुणाला मी शेवटची सूचना केली ती कॅटलॉगात नव्हती. लेथ मांडशील तो उजेडात मांड, उंची अशी ठेव की टोक काम करणाऱ्याच्या कोपराच्या पातळीला येईल आणि ही उंची बदलता येऊ दे. त्याने विचारले, ‘‘बदलायची कशाला? काम तर मीच करणार.’’ त्याची बहीण त्याच्यापेक्षा वीतभर ठेंगणी आहे आणि मण्यांवर लाख चढवण्यात तिचा हात त्याच्याहून साफ आहे, हे साऱ्या मोहल्ल्याला ठाऊक आहे. मी त्याला तेवढेच सांगितले.

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)