मैदानें बंद झालीं तो हंगाम

इ. स. १९२२ च्या जून महिन्याच्या २४ तारखेस इंग्लंडांत स्टोक येथील स्त्रियांच्या फुटबॉल संघानें डाँकास्टर-बेंटली येथील स्त्रियांचा ३-१ असा पराभव करून एक रुप्याचा करंडक मिळविला. ह्या स्पर्धेंत २४ संघ उतरले होते, आणि इंग्लंडांतील स्त्रियांच्या स्वतंत्र मध्यवर्ती संस्थेनें भरविलेली ही पहिलीच स्पर्धा होय. एवढ्यावरून वाचकांस वाटेल कीं, हा एखाद्या उत्कर्षाचा आरंभ असावा. वस्तुस्थिति अगदीं उलट आहे. हा हंगाम चालू असतां फुटबॉलच्या अधिकृत क्लबांपैकीं कोणाचेंहि मैदान ह्या मुलींना मिळण्यासारखें नव्हतें. आणि त्याच्या आदल्याच वर्षीं त्यांचे सामने पाहावयास जे लोक लोटले, त्यांची गणती लाखांनीं करावी लागते. एका वर्षांत हें असें कां झालें, तें पाहण्याचा आमचा विचार आहे.

ही हकीकत पहिल्या महायुद्धापासून सुरू होते. पुरुष रणांगणावर गेले आणि तोफगोळे तयार करण्याच्या कारखान्यांत लाखों स्त्रिया कामास लागल्या. जेवणाच्या सुटींत कारखान्याच्या आवारांत चेंडू लाथाडतां लाथाडतां त्यांचे संघ उभे राहिले. ईशान्य इंग्लंडांत अशा कामकरणींसाठीं १९१७-१८ सालीं करंडकाचे सामनेहि झाले. त्यांतील शेवटचा सामना ब्लाइथ स्पार्टन्सच्या मुलींनीं ५-० असा जिंकला. परंतु ज्या संघाचें नांव सर्वतोमुखीं झालें, तो लँकेशायरमधील प्रेस्टन गांवच्या डिक-कर कंपनीचा. ही कंपनी मूळची ट्रामगाड्यांचें सामान करणारी. युद्धांत ती गोळे करूं लागली. १९१७ च्या नाताळच्या दिवशीं प्रेस्टनच्या डीपडेल मैदानावर तिच्या मुलींनीं दुसऱ्या एका कारखान्याच्या मुलींशीं सामना दिला, तेव्हां १०,००० माणसें जमलीं, आणि उत्पन्न जखमी सैनिकांच्या इस्पितळास गेलें.

युद्ध संपल्यावर हा खेळहि संपेल, अशी पुष्कळांची अटकळ होती. ती साफ चुकली. १९२० च्या डिसेंबरांत डीपडेलवर ह्या मुलींचा एक सामना रात्रीं झाला. शत्रूचीं विमानें हुडकण्यासाठीं वापरलेले झोतदिवे त्यासाठीं युद्धखात्याकडून मिळविले होते, व त्या खात्याचे मंत्री होते विन्स्टन चर्चिल! पुढें दहाच दिवसांनीं, नाताळच्या दुसऱ्या दिवशीं, लिव्हरपूलच्या गुडिसन पार्कवर डिक-कर व सेंट हेलेन्स ह्या संघांची गांठ पडली. आंत ५३,००० प्रेक्षक, आणि जागा नाहीं म्हणून परत गेलेले हजारों निराळे. डिक-करची प्रमुख आघाडीची खेळाडू फ्लॉरी रेडफोर्ड हिची आगगाडी चुकली. मध्यंतरापर्यंत एकच गोल झालेला पाहून कर्णधार अ‍ॅलिस केल ही आपली बचावाची जागा सोडून स्वतः आघाडीस गेली आणि तिनें तीन गोल केले. सामना ४-० असा संपला; धर्मादायासाठीं ३,११५ पौंड जमले. नांवाजलेल्या पुरुषसंघांनाहि हेवा वाटावा असा हा दिवस होता, आणि हेवा वाटला असें मानण्यास जागा आहे.

१९२१ हें वर्ष तर त्यांच्या भरभराटीचें. डिक-करच्या मुलींनीं त्या एका वर्षांत ६७ सामने खेळले व ते सुमारें ९,००,००० लोकांनीं पाहिले असें सांगतात. आणि ह्या मुली आठवडाभर कारखान्यांत राबत असत, हें विसरतां कामा नये. फेब्रुवारींत लिव्हरपूल येथेंच उर्वरित ब्रिटनच्या निवडक संघावर त्यांनीं ९-१ अशी मात केली. त्यांतील पांच गोल लिली पार नांवाच्या पंधरा वर्षांच्या मुलीचे. त्याच वर्षाच्या वसंतांत कोळशाच्या खाणींचे दरवाजे मालकांनीं बंद केले, मजुरांची उपासमार सुरू झाली, आणि स्त्रियांचे कित्येक संघ खाणकामगारांच्या कुटुंबांसाठीं खेळूं लागले. जखमी सैनिकांसाठीं जमविलेला पैसा सर्वांना पवित्र वाटत होता. मालकांशीं झगडणाऱ्या मजुरांसाठीं जमविलेला पैसा तितकाच पवित्र वाटला असेल काय, हा प्रश्न ह्या विषयाच्या अभ्यासकांनीं उपस्थित केला आहे, व तो आम्हांस रास्त वाटतो.

ता. ५ डिसेंबर १९२१ रोजीं लंडनच्या फुटबॉल असोसिएशननें ठराव केला. त्याचे दोन भाग आहेत. फुटबॉल हा खेळ स्त्रियांना मुळींच योग्य नव्हे, सबब त्यास उत्तेजन देऊं नये, हा पहिला. आणि सामन्यांच्या उत्पन्नाचा फार मोठा वांटा खर्चांतच जातो, धर्मादायास पुरेसा पोंचत नाहीं, हा दुसरा. आतां हीं दोन कारणें एकाच ठरावांत सुखानें कशीं नांदावीं? खेळ जर शरीरालाच अपायकारक, तर हिशेब चोख असल्यानें तो अपाय टळणार आहे थोडाच! आणि हिशेबांतच दोष असेल, तर हिशेब तपासावे. मैदानाला कुलूप कशाला? शिवाय ज्या असोसिएशननें १८८५ पासून पुरुषांस पगार घेऊन खेळण्याची मोकळीक दिली होती, तिनेंच कारखान्यांतील मुलींच्या प्रवासखर्चाकडे बोट दाखवावें, हें नवल होय.

डॉक्टरांचीं मतेंहि ठरावाच्या बाजूनें पुढें करण्यांत आलीं. त्यांत डॉ. मेरी शार्लिब ह्या विदुषीचें नांव पाहून हिंदी वाचकांस चुटपुट लागल्याविना राहणार नाहीं. ह्याच बाईंनीं १८७५ सालीं मद्रासच्या वैद्यकीय विद्यालयांत प्रवेश मिळवून, वैद्यकी हा स्त्रियांचा विषय नव्हे म्हणणाऱ्यांना निरुत्तर केलें होतें, व पुढें मद्रासेंत पडदानशीन स्त्रियांसाठीं रुग्णालय उघडण्याच्या कामीं पुढाकार घेतला होता. परंतु फुटबॉल स्त्रीच्या देहाला झेपणारा नाहीं, असेंच त्यांचें मत पडलें. एक दार उघडणारीं माणसें दुसऱ्या दारापाशीं पाहऱ्यास उभीं राहतात, असा प्रकार आमच्याकडेहि घडलेला आहे.

ठरावानें स्त्रियांना खेळण्याची मनाई केली नव्हती, हें ध्यानांत ठेवावें. तसा अधिकारच असोसिएशनला नव्हता. तिनें आपल्या अधिकाराखालील क्लबांना एवढेंच सांगितलें कीं, अशा सामन्यांना मैदान देऊं नका. पण प्रेक्षकांना बसावयाच्या जागा, कुंपण, तिकिटांचें फाटक हें सारें त्या क्लबांपाशींच होतें. फाटक नाहीं तेथें तिकीट नाहीं, तिकीट नाहीं तेथें निधि नाहीं. ठरावानंतर आठवडा लोटण्यापूर्वींच स्त्रियांच्या सुमारें पंचवीस संघांचे प्रतिनिधि एकत्र आले व इंग्लिश लेडीज फुटबॉल असोसिएशन ही संस्था निघाली. स्टोकचे लेन ब्रिजेट हे तिचे अध्यक्ष. करंडकहि त्यांनींच दिला. चेंडू थोडा हलका करण्यासारखे फेरफारहि संस्थेनें सुचविले. ह्याच संस्थेची स्पर्धा स्टोकनें जिंकली. डिक-करचा संघ तींत नव्हता. तो आपल्या वाटेनें गेला. तेवढ्यानें स्पर्धेचें तेज उणें झालें हें खरें, परंतु तो असता तरी गुडिसन पार्कचें फाटक उघडलें नसतें. संस्था फार काळ तगली नाहीं.

डिक-करच्या मुली १९२२ च्या शरदांत अटलांटिक ओलांडून गेल्या. कॅनडांत त्यांना खेळूं देण्यांत आलें नाहीं. तेव्हां त्या अमेरिकेंत पुरुषांच्या संघांशीं नऊ सामने खेळल्या. तीन जिंकले, तीन हरले, तीन बरोबरीचे. पुढें कंपनीशीं संबंध तुटल्यावर हा संघ प्रेस्टन लेडीज ह्या नांवानें मिळेल त्या मैदानावर १९६५ पर्यंत खेळत होता. पार ही मनोरुग्णालयांत परिचारिका झाली, व १९५१ पर्यंत खेळली.

असोसिएशननें १९७०-७१ च्या सुमारास बंदी उठविली, व २००८ सालीं जाहीर दिलगिरी प्रदर्शित केली. इंग्लंडांत स्त्रियांची राष्ट्रीय साखळी-स्पर्धा सुरू होण्यास १९९१ साल उजाडावें लागलें. तींतहि योगायोगानें २४ च क्लब होते, आणि पहिल्या हंगामाचें विजेतेपद गेलें डाँकास्टर बेल्स ह्या संघाकडे. म्हणजे १९२२ सालीं शेवटचा सामना हरलेल्या मुलींच्याच गांवाकडे. हा संघ १९६९ सालीं, बंदी अद्यापि लागू असतांना, निघाला होता. तो काढणाऱ्या मुली गांवच्या पुरुषसंघाच्या मैदानावर सामन्याच्या दिवशीं सोडतीचीं तिकिटें विकण्याचें काम करीत असत.