मागे पडणारी तबकडी

अनेक झाडांचा फुलोरा दिवसाच्या लांबीवर ठरतो, हे गार्नर आणि अ‍ॅलार्ड या अमेरिकी शास्त्रज्ञांनी १९२० मध्ये मांडलं. तेव्हा टायमर नव्हताच, दिवस छोटा करायला तंबाखूची झाडं अंधाऱ्या खोपटात न्यायची, पुन्हा बाहेर काढायची. निव्वळ हमाली!

पुढे दिवे लावून-विझवून दिवसाची लांबी ठरवायचं काम सिंक्रोनस मोटरच्या, म्हणजे विजेच्या हर्ट्झच्या तालावर फिरणाऱ्या मोटरच्या, टायमरने उचललं. हेन्री वॉरनने १९१६ च्या सुमारास आणलेल्या विजेच्या घड्याळाचा हा भाऊबंद. खोडही तीच: वीज तासभर गेली की तबकडी तासभर मागे. ६० हर्ट्झसाठी बनलेला टायमर भारतातल्या ५० हर्ट्झवर लावला, तर तासाला १० मिनिटं मागे पडतो. तिथे तबकडीवरच्या वेळ लावायच्या पिना कितीही तपासा, व्यर्थ.

तबकडी बरोबर फिरूनही दिवे विझत नसतील, तर बहुधा सुरुवातीच्या करंटच्या झटक्याने आतले कॉन्टॅक्ट चिकटलेले असतात. लांब रात्र मागणारी शेवंती अशा उजेडात फुलायचं लांबवते.